सहा कळांचे यंत्र

आपल्याकडे अंध मूल लिहायला शिकते ते बहुधा ब्रेल पाटीवर. दोन पट्ट्यांमध्ये जाड कागद अडकवायचा आणि वरच्या पट्टीतल्या खिडक्यांतून स्टायलसने एकेक टिंब टोचायचे. टोचलेले टिंब कागदाच्या मागच्या बाजूला उमटते. म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटे धरून. आणि वाचायचे झाले की कागद काढून, पालटून, डावीकडून उजवीकडे. सहा-सात वर्षांचे मूल हे दोन्ही व्यवहार डोक्यात सांभाळते. पाटी स्वस्त आहे, दप्तरात मावते, तिला वीज लागत नाही. अंधांच्या कित्येक पिढ्या तिच्यावरच शिकल्या. पण तिच्यावर लिहिणाऱ्याला आपण आत्ता काय लिहिले, हे कागद काढल्याशिवाय कळत नाही. डोळस मुलाची पेन्सिल पुढे सरकते तसे त्याला आपले अक्षर दिसत जाते. चुकले की तिथल्या तिथे खोडता येते. तेवढीच सोय अंध मुलाला देणारे यंत्र म्हणजे पर्किन्स ब्रेलर.

राखाडी रंगाचे, धातूचे, पाच किलोच्या आसपास वजनाचे हे यंत्र जुन्या टाइपरायटरच्या धाकट्या भावंडासारखे दिसते. टाइपरायटरला असतात चाळीसेक कळा. इथे लिहायच्या कळा फक्त सहा, ब्रेलच्या सहा टिंबांसाठी. मधोमध मोकळी जागा सोडायची लांब कळ. तिच्या डावीकडे पहिले, दुसरे, तिसरे टिंब. उजवीकडे चौथे, पाचवे, सहावे. टोकाच्या दोन कळांपैकी एक खालच्या ओळीवर नेते, दुसरी एक घर मागे आणते. एका अक्षराची सगळी टिंबे एकदम दाबायची, पेटीवर स्वरमेळ धरावा तशी. दाबताच खालून बारीक खिळे वर येतात आणि कागदावर टिंबे उठवतात. टिंबे वरच्या बाजूला उमटतात, म्हणून बोट लगेच त्यांच्यावर फिरवता येते. कागद जागचा हलत नाही, उठाव देणारा भागच पुढे सरकतो. ओळ संपत आली की घंटी वाजते.

‘मराठी’ हा शब्द लिहून पाहू. म साठी डाव्या हाताची तर्जनी आणि अनामिका, उजव्या हाताची तर्जनी. र साठी डावी तिन्ही बोटे आणि उजवे मधले. काना म्हणजे डावी अनामिका, उजवी तर्जनी आणि मधले बोट. ठ साठी डावे मधले आणि उजवी तिन्ही. दीर्घ वेलांटीला डावी अनामिका आणि उजवे मधले. पाच वेळा दाबले की शब्द पुरा झाला. पाटीवर याच शब्दाला सोळा टिंबे टोचावी लागतात, तीही उलट्या बाजूने. आपला ळ उजव्या हाताच्या तिन्ही बोटांनी एकदम उमटतो.

या सहा टिंबांचा जनक लुई ब्रेल. 1809 साली फ्रान्समधल्या कूपव्रे गावी खोगीर बनवणाऱ्या कारागिराच्या घरी तो जन्मला, आणि लहानपणी वडिलांच्या हत्याराने डोळ्याला झालेल्या इजेतून दृष्टी गमावून बसला. पंधरा वर्षांचा असताना त्याने लिपी सिद्ध केली, 1829 मध्ये ती प्रसिद्ध झाली. लिहायचे यंत्र मात्र पुष्कळ उशिरा आले. अमेरिकेत इलिनॉयच्या अंधशाळेचे अधीक्षक फ्रँक हॉल यांनी 1892 मध्ये सहा कळांचे पहिले चालण्याजोगे यंत्र केले आणि त्याचे पेटंट घेतले नाही. अंधांच्या उपयोगाच्या वस्तूवर कमाई करायची नाही, हा त्यांचा निश्चय होता. ब्रेलच्या इतिहासात या माणसाचे नाव फार कमी घेतले जाते, याचे मला वाईट वाटते.

हॉलनंतरची यंत्रे कुरकुरायची, वरचेवर बिघडायची. बोस्टनजवळच्या वॉटरटाउनमधली पर्किन्स अंधशाळा म्हणजे हेलन केलर जिथे शिकल्या ती संस्था. तिचे संचालक गेब्रिएल फॅरेल यांना दणकट, हलक्या हाताने चालणारे यंत्र हवे होते. ते त्यांना करून दिले त्यांच्याच शाळेतल्या सुतारकामाच्या शिक्षकाने. इंग्लंडहून आलेल्या डेव्हिड अब्राहम यांचा नमुना 1939 मध्ये तयार झाला. पण महायुद्ध आले, आणि यंत्र शाळेच्या हाउ प्रेसमधून प्रत्यक्ष बाहेर पडायला 1951 उजाडले. त्याची मूळ रचना आजही जवळजवळ तशीच आहे. वर्गात रोज शिकवणाऱ्या माणसाने बनवलेली वस्तू वर्गात टिकते, असे मला या यंत्राकडे पाहून वाटते.

योगायोग असा की भारती ब्रेलही 1951 चीच. त्याआधी आपल्या देशात ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती चालत. भारती ब्रेलने एका उच्चाराला सगळ्या भारतीय भाषांत एकच खूण दिली. कागदावरच्या देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात. ब्रेलमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, अक्षरानंतर येते. जोडाक्षर करताना मात्र हलन्ताची खूण आधी लागते. ‘विद्या’ लिहायचे तर व, ऱ्हस्व वेलांटी, हलन्त, द, य, काना, अशी सहा घरे.

हा तपशील मी मुद्दाम लांबवला, कारण आता बरेच जण म्हणतात की ब्रेलची गरज संपली. मोबाइल बोलतो, संगणक बोलतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी उभा केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. त्याचे उपकार मोठेच आहेत. त्याच्यासारख्या साधनांच्या बळावर आज अंध माणसे बँकेत काम करतात, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. पण ऐकणे आणि वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच; बोटाखाली मात्र त्यांची वेलांटी साफ वेगळी लागते. ‘श’ आणि ‘ष’ तर आज बहुतेकांच्या बोलण्यात एकच झाले आहेत. स्क्रीन रीडर एकेक अक्षर सुटे करून सांगू शकतो, पण धडा ऐकताना दर शब्दाला कोण थांबणार? नुसत्या ऐकण्यावर वाढलेल्या मुलाला शब्द पाठ होतात, त्यांची घडण कळत नाही. परिच्छेद कुठे मोडला, अवतरणचिन्ह कुठे आले, कवितेची ओळ कुठे संपली, हे बोटाला जसे समजते तसे कानाला समजत नाही. डोळस मुलाला आपण नुसते ऐकवून साक्षर म्हटले नसते.

गणिताचेही तसेच. आपल्या अंधशाळांत टेलर फ्रेमच्या भोकांत खुंट्या रोवून हिशेब शिकवतात. ब्रेलरवर हातच्याची बेरीज उभी मांडता येते, वरच्या रकान्यावर बोट नेऊन तपासता येते आणि कागद काढून जपून ठेवता येतो.

उणिवाही सांगायला हव्यात. यंत्र जड आहे, त्याचा खडखडाट होतो, आणि किंमत साध्या घराला झेपणारी नाही. भारतातही तमिळनाडूत काटपाडीला वर्थ ट्रस्ट ही यंत्रे बनवते. तरी पाटीइतका ब्रेलर आपल्या शाळांत पोचलेला नाही. आणि लिहायला यंत्र मिळाले तरी वाचायलाही काही हवे. स्वागत थोरात यांनी 2008 मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले, त्याचे मोल इथे कळते. ब्रेलमध्ये एका साध्या कादंबरीचे जाडजूड खंड होतात. अशी पुस्तके छापणाऱ्यांना आणि सांभाळणाऱ्या ग्रंथालयांना आधाराची गरज आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला अठरा वर्षांपर्यंत पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि योग्य सहाय्यक साधने मोफत देण्याची जबाबदारी सरकारची आणि स्थानिक संस्थांची आहे. तुमच्या घरात, वाड्यात, गावात अंध मूल असेल तर त्याच्या शाळेत जाऊन विचारा: याला ब्रेल शिकवता का, आणि याच्या हाताला ब्रेलर लागतो का? उत्तर ‘मोबाइल आहे ना’ असे आले, तर लेखी अर्ज करा आणि साधन मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.