देवडीवरचा पहारेकरी

आपल्या इंदूर-ग्वाल्हेरकडील जुन्या वाड्यांना देवडी असे आणि देवडीवर पहारेकरी असे. येणाऱ्याजाणाऱ्यास तो क्षणभर थांबवी, नावगाव विचारी आणि मगच आत सोडी. त्या खोळंब्याबद्दल सहसा कोणी कुरकुरत नसे. घराच्या सुरक्षिततेचे ते मोल आहे, हे सर्वांस ठाऊक होते. आजच्या संगणकाच्या देवडीवरही असाच पहारेकरी बसतो. घरगुती संगणकावर त्यास अँटिव्हायरस म्हणतात. कचेरीतील प्रत्येक संगणकावर पहारा ठेवून सर्वांचा वृत्तांत एका ठिकाणी कळविणाऱ्या त्याच्या विस्तृत रूपास एंडपॉइंट सिक्युरिटी असे नाव आहे. त्याने केलेला खोळंबा मात्र आपणांस सोसवत नाही. आम्हांसही सोसवला नाही आणि त्याची किंमत आम्ही मोजली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या कचेरीतील संगणक जुना. ४ जीबी रॅमचा आणि फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा. त्यावर नवा पहारेकरी बसविला आणि गुणपत्रकाची फाइल उघडेपर्यंत हातातला चहा निवू लागला. वार्षिक निकाल तोंडावर आलेला. लिपिक म्हणाले, "सर, चार दिवस हे बंद ठेवू या का?" आम्ही होकार दिला. तिसऱ्याच दिवशी कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून एक आगंतुक आत शिरला. त्याने नववीच्या साऱ्या फायली कुलूपबंद केल्या आणि किल्लीसाठी पैसे मागितले. उत्तरपत्रिका कपाटात होत्या म्हणून लाज राखली गेली. शिक्षकांनी दोन रात्री जागून सर्व गुण पुन्हा भरले. दोष लिपिकांचा नव्हता. होकार आमचा होता.

मग हा खोळंबा येतो तरी कोठून, हे आम्ही समजून घेतले. आपण एखादी फाइल उघडली की पहारेकरी ती आधी स्वतः तपासतो, ज्ञात विषाणूंच्या खुणांशी ताडून पाहतो आणि चालू प्रोग्रॅमच्या वर्तनावरही नजर ठेवतो. यासाठी त्यास रॅममध्ये जागा आणि प्रोसेसरचा वेळ लागतो. संपूर्ण तपासणीत तर त्यास लक्षावधी फायली चाळाव्या लागतात. जुन्या हार्ड डिस्कमध्ये वाचणारा काटा तबकडीवर इकडून तिकडे धावतो. त्याच वेळी आपणही काम करू लागलो की दोघांचीही ओढाताण होते. एसएसडीमध्ये असा फिरता भागच नसल्याने हा त्रास पुष्कळ कमी होतो.

विकत घेताना आपण 'किमान आवश्यकता' वाचतो आणि आपला संगणक तेवढा आहे, असे पाहून निश्चिंत होतो. येथेच आमची चूक झाली. किमान आवश्यकता म्हणजे उत्तीर्ण होण्यापुरते ३३ गुण. ती प्रथम श्रेणीची हमी नव्हे. विंडोज ११ साठीच किमान ४ जीबी रॅम सांगितलेली आहे. तेवढ्यातच विंडोज, पहारेकरी, ब्राउझर आणि गुणपत्रक यांना दाटीवाटीने राहावयाचे असेल, तर संगणक अडखळणारच.

उपाय साधे निघाले. रॅम ८ जीबी केली आणि जुनी डिस्क काढून एसएसडी बसविली. संपूर्ण तपासणीची वेळ मधल्या सुट्टीत नेमून दिली. शिवाय एका देवडीवर एकच पहारेकरी, असा नियम केला. दोघे असले की तीच फाइल दोघे तपासतात आणि एकमेकांवरही संशय घेतात. विंडोजमध्ये डिफेंडर मुळातच असतो. दुसरा बसविला की तो सहसा आपणहून बाजूस होतो.

तथापि पहारेकऱ्यावर सर्व भार टाकणेही शहाणपणाचे नाही. संगणकाच्या अगदी गाभ्यापर्यंत त्यास मुभा द्यावी लागते. म्हणून तो चुकला तर घरच बंद पडते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीने आपल्या फाल्कन या पहारेकऱ्यास एक सदोष फाइल धाडली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दीड तासाच्या आत कंपनीने ती फाइल मागे घेतली. परंतु बंद पडलेले कित्येक संगणक माणसांना एकेक करून हातानेच दुरुस्त करावे लागले.

तेव्हा पहारेकरी अवश्य ठेवावा, त्यास पोटभर खाऊ घालावे आणि तरीही मौल्यवान वस्तूंची एक प्रत घराबाहेर ठेवावी. आता दर शनिवारी आमचे लिपिक गुणपत्रकांची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेतात, ती डिस्क संगणकापासून सोडवितात आणि कपाटात उत्तरपत्रिकांशेजारी ठेवतात. कपाटाची किल्ली आमच्यापाशी असते. संगणक मधल्या सुट्टीत थोडा मंदावतो खरा. पण त्या वेळी आम्हीही डबा खात असतो.