दोनशे दहा डावांची शिदोरी

न्यूझीलंडच्या शेन हडसन यांनी ‘सिड’ हे बुद्धिबळाच्या डावांचा साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर लिहिले आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. पटावर एखादी स्थिती मांडा; ती ज्या ज्या डावांत आली ते डाव समोर येतात, पुढे कोणती चाल किती वेळा खेळली गेली आणि तिला किती टक्के गुण मिळाले तेही दिसते. पण साठा रिकामा असेल, तर नवशिक्याला यातले काहीच दिसत नाही. म्हणून अशा फुकट सॉफ्टवेअरसोबत नमुन्याचे डाव द्यायलाच हवेत.

द्यायला अडचण नाही. 1993 साली स्टीव्हन एडवर्ड्स यांनी ‘पीजीएन’ ही नोंदपद्धत मांडली. वर स्पर्धा, ठिकाण, तारीख, फेरी, पांढरा, काळा आणि निकाल, खाली चाली. सगळा साधा मजकूर, कुठल्याही संगणकावर उघडणारा. 1994 पासून इंग्लंडचे मार्क क्राउदर आठवड्याचे डाव गोळा करून फुकट देत आले आहेत. ‘लिचेस’ हे ऑनलाइन बुद्धिबळाचे संकेतस्थळ तर आपल्याकडचे डाव दरमहा कोणत्याही अटीविना खुले करते. कायद्याचेही फारसे भय नाही. 2016 च्या कार्लसन-कार्याकिन जगज्जेतेपदाच्या लढतीच्या चाली इतरांनी थेट दाखवू नयेत, अशी मागणी आयोजकांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात केली होती; न्यायालयाने मनाई हुकूम दिला नाही. मात्र डावावरचे भाष्य ज्याने लिहिले त्याचेच. ते परवानगीशिवाय उचलू नये.

खरा प्रश्न निवडीचा आहे. बहुतेक जण गाजलेले डाव भरतात: पॅरिसमधला मॉर्फीचा 1858 चा सतरा चालींचा डाव, कास्पारोव्हने 1999 मध्ये टोपालोव्हला हरवले तो डाव. डाव सुंदरच आहेत, पण अशा संग्रहात प्रत्येक बलिदान जिंकते आणि टक्केवारी शिकणाऱ्याला फसवते.

मी एक अख्खी स्पर्धा देईन: झुरिक, 1953. पंधरा खेळाडू, प्रत्येकाची प्रत्येकाशी दोनदा गाठ, एकूण 210 डाव. मोजणी 209 भरली, तर एक डाव गहाळ आहे हे लगेच कळते. गुणतक्ता काढला की स्मिस्लोव्ह 18 गुणांनी पहिला यायला हवा. नाही आला, तर एखादा निकाल चुकीचा नोंदलाय. अव्हरबाखविरुद्ध कोटोव्हने दिलेला वजीर यात आहे, आणि कोणी आठवत नाही अशा निमूट बरोबऱ्याही आहेत. किंग्ज इंडियन बचाव इतक्यांदा येतो की स्थिती शोधायचा सराव मनसोक्त करता येतो.

नावांची शुद्धताही इथेच शिकावी. याच स्पर्धेत खेळलेला नायडॉर्फ पोलंडमध्ये मिएचिस्लाव्ह, अर्जेंटिनात मिगेल. दोन नोंदी राहिल्या, तर संगणकाला ती दोन माणसे वाटतात आणि त्याचे डाव विभागले जातात. सिडमध्ये नावे एकसारखी करण्याची आणि दुबार डाव काढण्याची सोय आहे. ती आधी या 210 डावांवर चालवून पाहावी. स्वतःचे डाव मात्र वेगळ्या साठ्यात ठेवावेत, म्हणजे टक्केवारीत सरमिसळ होत नाही.