जुना हौद काढताय? आधी घासा

प्लास्टिकची टाकी आणली की मोरीतला जुना सिमेंटचा हौद आपण दाराबाहेर ठेवतो. तिथेच डेंग्यूला वाट मिळते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, साठवलेल्या पाण्यात वाढतो. त्याची अंडी पाण्याच्या कडेला, हौदाच्या भिंतीला चिकटतात आणि हौद कोरडा पडला तरी कित्येक महिने टिकतात. पावसाचं पाणी साचलं की आठ-दहा दिवसांत नवे डास!

म्हणून हौदातलं पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओता, अळ्या मरतात. आतली भिंत ब्रशने खरवडून उकळतं पाणी फिरवा. फोडलेले खोलगट तुकडे पावसात ठेवू नका. नवी टाकी घट्ट झाका.

ताप आला, डोळ्यांमागे दुखू लागलं, तर लगेच दवाखान्यात दाखवा. मनाने ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

आपल्या वस्त्यांना अस्वच्छ म्हणणाऱ्यांना आम्ही विचारतो, नळ तासभरच आला तर पाणी साठवायचं नाही तर काय करायचं? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. रोज पुरेसं पाणी मागणं हाही डेंग्यूवरचा उपायच आहे. अर्ज सगळ्यांनी मिळून करूया.

जय भीम!