नव्या कपाटाला वास कशाचा?

नवं कपाट घरी आलं, की तू आधी काय करशील? दार उघडून आत डोकं घालशील! आणि मग येईल तो 'नवा' वास. जरा नाकाला झोंबणारा. ओळख पाहू कशाचा? लाकडाचा? छे! बहुतेक वेळा तो असतो डिंकाचा!

हल्ली पुष्कळ कपाटं अख्ख्या लाकडाची नसतातच. ती असतात पार्टिकल बोर्डची. लोणावळ्याची चिक्की आठव! शेंगदाण्यांच्या जागी लाकडाचा चुरा घे, गुळाच्या पाकाच्या जागी डिंक. गरम यंत्रात दाबलं, की झाली फळी!

आणि हा डिंक कशाचा, माहितेय? युरियाचा! हो, शेतात पिकांना घालतात ना, तोच युरिया! त्याच्या जोडीला फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू. दिसत नाही, पण डोळे चुरचुरवतो, घसा खवखवतो. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं. दचकलास? अरे, थोडासा फॉर्माल्डिहाइड तर तुझं शरीर स्वतःच बनवतं! गडबड होते ती तो घरात साठला की.

आता खरी गंमत! पावसाळ्यात चिक्की चिकचिकीत होते ना? या डिंकालाही दमट हवा सोसत नाही. तो किंचित किंचित सुटतो आणि वायू बाहेर! उकाड्यातही तसंच. म्हणजे तुमचं कपाट महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं, हळूच वायू सोडत बसतं!

म्हणून नवं कपाट आलं, की खिडक्या सताड उघडायच्या. दुकानात तूच विचार, "काका, बोर्ड ई-वन आहे की ई-झिरो?" ई-झिरोतून वायू कमी सुटतो. फळीच्या कापलेल्या कडा उघड्या नकोत. वायू तिथूनच जास्त निसटतो! सुतारकाकांना कडेला पट्टी लावायला सांग.

आणि अख्खं लाकूड बघायचं असेल, तर पुण्याच्या विश्रामबागवाड्यातले सागवानी खांब बघ. सुरूच्या झाडासारखे कोरलेले! सागाच्या अंगातच असं काही असतं, की वाळवी लांब पळते.

जुन्या बाजारातलं कपाटही झकास. त्यातला बराचसा वायू केव्हाच उडून गेलेला! फक्त त्याचा रंग बघ. पूर्वी रंगांत विषारी शिसं भरपूर असायचं. १ नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० भागच चालतात. त्याआधीचा रंग कुणी पॉलिशपेपरनं घासायला लागलं, तर तू तिथून धूम ठोक!