पुढचे पाटे

परंड्याच्या भुईकोटातून आजवर बाहेर पडलेलं सर्वांत जड ओझं म्हणजे मलिक-ए-मैदान ही तोफ. १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टनांची. १६३२ मध्ये ती इथून विजापूरला गेली, तेव्हा १० हत्ती आणि ४०० बैल जुंपले होते असं सांगतात. त्या ओझ्याखाली स्प्रिंग नव्हती. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याचा हादरा लाकडाने आणि बैलांच्या मानेने सोसला.

याच काळ्या मातीत पुढे जीप आली. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली. उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९५३ साली निघाली आणि १९६८ मध्ये बंद पडली, आपल्याकडे मात्र तिचा वंश त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिला. सरकारी खात्यांनी तिला पळवलं, मग साखरपट्ट्यातल्या शेतकऱ्याने विकत घेतलं. आजही एखाद्या वस्तीवर शेडखाली अशी जीप उभी दिसते. इंजिन बदललेलं, हूड फाटलेला, पण पुढचा अ‍ॅक्सल मूळचाच.

हा पुढचा भाग घरच्या अंगणात पुरता खोलून पुन्हा बांधता येतो, कारण त्यात लपवलेलं काही नाही. एक आडवा अ‍ॅक्सल, त्याच्या दोन्ही टोकांजवळ स्प्रिंगच्या पाट्यांचा एकेक संच, चार यू-बोल्ट, दोन शॉकअप. पाट्यांचं मागचं टोक चॅसीला पक्कं असतं, पुढचं शॅकलवर, म्हणजे झुलत्या कडीवर, टांगलेलं असतं. चाक वर उचललं की कमान सपाट होते, पाटा लांबतो आणि ती वाढीव लांबी शॅकल गिळतो. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घासण्यानेही थोडा हादरा मरतो. म्हणून शॉकअप गळालेली जीप आदळत का होईना, चालत राहते आणि मालक दुरुस्ती पुढच्या हंगामावर ढकलतो.

काळ्या रानात पहिली अडचण जॅकचीच. ओलसर मातीत तो गाडीला वर उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो. त्याखाली जाड फळी हवी आणि चॅसीला दोन्ही बाजूंनी घोडी लावल्याशिवाय कुणी खाली शिरू नये. मागच्या चाकांना दगड लावायचे. यू-बोल्ट बहुधा गंजून धरलेले असतात. त्यांना रात्रभर डिझेल पाजावं, तरी न ऐकल्यास सरळ कापावेत. ताणलेले जुने यू-बोल्ट पुन्हा वापरणं ही भलत्या जागची काटकसर आहे.

संच खाली आला, की सेंटर बोल्ट सोडण्याआधी पाटे शिकंज्यात धरायचे. ते दाबाखाली असतात, मोकळे सोडले तर उसळतात. मधे साचलेला चिखल आणि गंज वायर ब्रशने काढायचा, चिरा पाहायच्या. मेन पाटा चिरला असेल तर नवाच घालावा. वेल्डिंग करून देणारा मिस्त्री कुठेही भेटतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा नेमका तिथेच पुन्हा मोडतो. कमान बसलेल्या पाट्याला लोहार पुन्हा कमान मारून देतो. तिथेही भट्टीत लाल करून नुसता ठोकला तर तो मऊ पडतो, आणि पाणी नीट दिलं नाही तर काचेसारखा तडकतो.

जुन्या यू-आकाराच्या शॅकलची एक खोड आहे. त्यांना आणि त्यांच्या बुशांना आटे असतात आणि काही आटे उलटे, म्हणजे डावे असतात. डाव्या आट्याच्या शॅकलवर खालच्या दांड्याला एक छोटा उंचवटा घडवलेला असतो. ग्रीसच्या थराखाली तो दिसत नाही. मग पाना उलटीकडे फिरतो, आटा मरतो आणि नवा शॅकल शोधायला बार्शी-सोलापूरची फेरी पडते.

खरं कौशल्य किंगपिनवर लागतं. चाक ज्यावर वळतं त्या नकलला वर आणि खाली टेपर बेअरिंग असतं, आणि त्यांचा ताण कॅपखालच्या पातळ पत्र्याच्या शिमने ठरतो. शिम जास्त झाल्या तर चाक डुगडुगतं, कमी झाल्या तर स्टिअरिंग जड होतं. कंपनीच्या पुस्तकात हा ताण स्प्रिंगच्या काट्याने मोजायला सांगितलंय. नकलच्या आर्मला हुक अडकवून ओढायचं आणि किती वजनाला ती हलते ते वाचायचं. भंगारवाल्याकडचा हुकाचा काटा या कामाला पुरतो. हाताच्या अंदाजाने भागवणारे पुष्कळ आहेत, पण दोन्ही बाजू सारख्या लागल्यात का हे काटाच सांगतो.

जोडताना सेंटर बोल्टचं डोकं अ‍ॅक्सलच्या गाळ्यात बरोबर बसलं पाहिजे, नाहीतर अ‍ॅक्सल तिरका राहतो. कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकाव, ३ अंश हवा. कॅम्बर, म्हणजे चाकाचा बाहेरकडे झुकाव, दीड अंशाचा, तो अ‍ॅक्सलमध्येच घडवलेला. कॅस्टर बिघडला तर पाट्याखाली पाचर घालून सुधारता येतो. टो-इन मोजायला खडू, दोरी आणि टेप पुरतात. टायरच्या मधोमध खडूची रेघ मारायची आणि दोन रेघांमधलं अंतर पुढून व मागून मोजायचं. पुढचं अंतर ३/६४ ते ३/३२ इंचाने, म्हणजे साधारण सव्वा ते अडीच मिलिमीटरने कमी हवं. त्यानुसार टायरॉड फिरवायचा.

शेवटी यू-बोल्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवून, आडव्या-तिडव्या क्रमाने. सोनारीपर्यंत एक फेरी मारून आल्यावर ते पुन्हा आवळावे लागतात, कारण पाटे बसतात.

महिंद्रांच्याच २०१० च्या थारने पुढचे पाटे सोडून टॉर्शन बार घेतला, २०२० च्या थारने मागचेही सोडले. नव्या गाडीचा बॉलजॉइंट दाबून बसवायला प्रेस लागतो, गुंडाळीची स्प्रिंग उतरवायला स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागतो. आणि ती दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवावर बेतू शकतं. त्या कामाला गॅरेजच बरं.