वरच्या मजल्याचं बिल

पिंपरी-चिंचवडमधल्या बेकायदा बांधकामांवरचा शास्तीकर २०२३ साली सरकारनं माफ केला, ती बातमी मला अजून पचलेली नाही. मालमत्ताकराच्या दुप्पट दंड जाचक होता, हे मान्य. पण आम्ही नकाशे मंजूर करून, शुल्क भरून मजले चढवले, त्याचं काय?

१९६६ च्या नगररचना कायद्यानंतरची पंचवीसेक वर्षं सांगण्याजोगी नाहीत. फी किरकोळ होती आणि गच्चीवर पत्रे टाकले तर कुणी विचारत नसे. खरी मजा नव्वदच्या दशकात. १९९२ मध्ये कायद्यात विकास शुल्क घुसलं, आणि त्याच सुमारास आमच्या बंगल्यांच्या सोसायटीत मुलं लग्नाला आली. म्हणजे वरचा मजला आलाच! अमोनियाचा वास मारणाऱ्या नकाशांचे संच, मालकीचा उतारा, मोजणी, शेवटी भोगवटा पत्र. शुल्क परवडायचं, हेलपाटे नाही. इंजिनिअर आपल्या फीमध्येच 'वरचा खर्च' धरायचा आणि त्याची पावती मागणाऱ्याकडे कीव आल्यासारखं बघायचा. माझी फाईल एका साहेबांच्या टेबलावर अख्खा पावसाळा पडून होती. जिन्याची रुंदी म्हणे स्पष्ट दिसत नव्हती. तेवढ्यात शेजाऱ्यानं रातोरात स्लॅब ओतला. त्याला नोटीस आली. पुढे काही नाही. तरी त्या टेबलाशी भांडता यायचं, आणि भांडण जिना, उजेड, सामासिक अंतर असल्या कामाच्या गोष्टींवर असायचं.

नंतर बेकायदा तुकड्यांवरची बांधकामं नियमित करणारा २००१ चा गुंठेवारी कायदा, दहा लाखांवरच्या बांधकामाला एक टक्का कामगार उपकर, असं एकेक येत गेलं. विकास शुल्क रेडीरेकनरला बांधलं, म्हणजे जमिनीचा भाव चढला की तेही चढणार. जकात गेली, २०१५ मध्ये तिच्या जागी आलेल्या एलबीटीतूनही बहुतेक व्यापारी सुटले, आणि तिजोरीचा डोळा बांधकाम परवानगीवर खिळला. डिसेंबर २०२० च्या एकत्रित नियमावलीनं दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांची वाट सोपी केली, ते चांगलंच झालं. मोठ्या प्लॉटवाल्यांनी मात्र जादा एफएसआयसाठी प्रीमियम मोजायचा. चिरीमिरीत निदान घासाघीस चालायची. चलनाशी काय बोलणार?

भाचीला सध्या एक खोली वाढवायची आहे. २०२१ मध्ये गुंठेवारीची मुदत थेट ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकवली गेली, हे तिच्या नवऱ्यानं कुठूनसं वाचून ठेवलंय. तो म्हणतो, "मामा, आधी बांधून टाकू. पुढच्या मुदतवाढीत बसेल की!"