कोको प्रशिक्षणाने खरंच पैसे वाढतात का? हिशोब करून बघा



नारळ-सुपारीच्या बागेत कोको असलेले सभासद विचारतात, "प्रशिक्षणाला एक दिवस मोडायचा, हातात काय पडणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज थेट पैशाचं बोलू.

प्रमाणपत्राने नफा वाढत नाही. शिकलेलं काम वेळेवर झालं आणि त्याचा खर्च वाढीव मालातून निघाला, तरच वाढतो.

*घानाचं उदाहरण*
१९८९ मध्ये इंडोनेशियात भातासाठी शेतीशाळा सुरू झाल्या. पुढे तीच पद्धत पश्चिम आफ्रिकेत कोकोसाठी आली. शेतकरी बागेतच बसून शिकले: तारीख बघून फवारायचं नाही, आधी झाड बघायचं, सडलेली फळं काढायची, दाट सावली विरळ करायची. माल वाढतो, पण मजुरीही वाढते. घानात भाव सरकारी पातळीवर ठरतो. त्यामुळे तिथं फायदा मुख्यतः जास्त उत्पादनातून मिळतो. आपल्याकडे ओला विकायचा की सुका, हे आपण ठरवू शकतो.

*कोणतं काम पैसे देतं?*

*१) छाटणी:* खोडावर सरळ उभे येणारे फुटवे लहान असतानाच हाताने काढा. खर्च जवळपास शून्य. झाड आटोक्यात राहिलं की फवारणी आणि काढणी, दोन्हीची मजुरी वाचते. पण झाड उघडंबोडकं करू नका.

*२) बागेची स्वच्छता आणि वेळेवर काढणी:* पावसाळ्यात काळी फळकूज एका फळावरून दुसऱ्यावर जाते. कुजलेली फळं झाडावर ठेवू नका, बागेबाहेर नेऊन पुरा. पावसाआधी १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा. पिकलेली फळं दर १०-१५ दिवसांनी काढा, नाहीतर खारी आधी खातात. फळ पिरगळू नका, कोयत्याने देठ कापा. त्याच जागी पुन्हा फुलं येतात.

*३) बिया आंबवणं आणि वाळवणं:* इथं घाई नको. साधारण ३ किलो ओल्या बियांपासून १ किलो सुक्या मिळतात. समजा ओल्याचा भाव किलोला १०० रुपये आहे आणि आंबवणं-वाळवणं यांची मजुरी सुक्या किलोमागे ४० रुपये येते. म्हणजे सुक्याला ३४० च्या वर भाव मिळाला, तरच हा खटाटोप परवडतो. (आकडे समजण्यापुरते. स्वतःचा भाव टाकून बघा.) व्यापारी आंबवलेल्या मालाला वेगळा भाव देतो का, हे आधी विचारा. पावसात नीट वाळलं नाही तर बुरशी येते. त्या दिवसांत फळं फोडली की लगेच ओला माल दिलेला बरा.

*भावाच्या भरवशावर राहू नका*
डिसेंबर २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोको टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला होता. २०२५ मध्ये तो बराच खाली आला. भाव आपल्या हातात नाही. किलोमागचा खर्च मात्र बऱ्यापैकी आपल्या हातात आहे, आणि प्रशिक्षणाचा उपयोग तिथंच होतो.

*एवढं करा*
एकाच वयाची, सारख्या सावलीतली २० झाडं निवडा. १० झाडांवर शिकल्याप्रमाणे काम करा, १० नेहमीसारखी ठेवा. पण कुजलेली फळं सगळ्याच झाडांची काढा, नाहीतर रोग पसरेल. वहीत तीनच गोष्टी लिहा: किती फळं मिळाली, किती कुजली, मजुरी किती गेली. घरच्या माणसांची मजुरीही धरा. ती धरली नाही तर नफा खोटा दिसतो.

हंगाम संपला की वही घेऊन बैठकीला या. जे काम परवडलं नाही, ते पुढच्या वर्षी सोडून देऊ. जे परवडलं, ते सगळ्या बागेत करू.

आपला,
कृषी मार्गदर्शक, शेतकरी उत्पादक कंपनी